पिसाची माशी

इनासनं काजं करता करता
उरलेल्या काळ्या दोऱ्यानं बांधून दिली :
गरीवर कोंबड्याच्या मानेचं एक पीस.
"गांडूळ नको. नुसती पाण्याक टेकय."

शिवापूरच्या वर, वहाळ जिथं दगडाखाली शिरतो
आणि पुढं कोंडीत उघडतो,
तिथं गुडघाभर गारठ्यात उभा राहिलो.
तीनदा करंजाच्या फांदीत अडकली.
चौथ्यांदा टेकली.

तळातून खडस वर आला, हातभर लांब.
कल्ले हलवत थांबला,
गिऱ्हाईक कापड बघतं तसं
बघितलं त्यानं पीस, दोरा, गाठ.

वळला.

दिवेलागणीला इनास म्हणाला, "गावलो?"
"नाय. शिवण बघून गेलो."

हसला नाही तो. चष्मा चढवून
गरी उजेडात फिरवत राहिला किती वेळ.
"हयसर दोरो सुटलो," म्हणाला.
"तेका दिसलो."