कारणाचा रकाना

मेडिकलच्या जळीत वॉर्डात एकतीस वर्षं
मी रजिस्टर भरलं.
नाव. वय. टक्के. कारण.
कारणाच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द:
स्टोव्ह.

इतके स्टोव्ह फुटले या शहरात
की इतवारीत स्टोव्हचं एकही दुकान
उभं राहायला नको होतं.
हुशार होते ते.
सासूच्या हातात फुटले नाहीत,
दिरानं रात्री चहा ठेवला तेव्हा फुटले नाहीत,
सून पंप मारायला वाकायची
तोवर दम धरून बसायचे.

गोळीबार चौकातली एक पोरगी, सत्तर टक्के.
तिकिटावर नाव मंजिरी.
मंजिरी, मंजिरी, मी हाका मारत होते,
ती ओ देत नव्हती.
पहाटे आपणहून बोलली,
"सिस्टर, मी गोदा आहो.
मंजिरी त तांदळात लिहली होती त्यायनं."
दुसऱ्या दिवशी
तेच तांदूळ शिजवून जेवले असतील सगळे.

नायब तहसीलदार आले, खुर्ची ओढून बसले,
कसं झालं बाई, म्हणाले.
दारात नवरा होता, त्याच्या कडेवर लेकरू.
तिनं लेकराकडे पाहिलं.
स्टोव्ह, म्हणाली.
मीही लिहिलं.
अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं.

ती गेली त्या दिवशी मारबत होती.
बस महालाच्या अलीकडेच थांबली.
पोट्टे ओरडत होते,
ईडा पीडा घेऊन जा गे मारबत,
आणि बांबूकागदाची एक बाई
साऱ्या गावाचं दुखणं अंगावर घेऊन
जळायला निघाली होती.
ती पुढे जाईपर्यंत
मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले,
डबा नि छत्री सांभाळत.

मग घरोघर गॅस आला.
पोरी ओढणीनं तोंड बांधून
मोपेडवर धंतोलीच्या क्लासला जाऊ लागल्या,
तिथून मिहानला.
कायदे आले, वॉर्डातल्या खाटा
कधीकधी रिकाम्या दिसू लागल्या.
निरोपाच्या भाषणात मी म्हणालेसुद्धा,
संपलं बाई ते सगळं.

सून आणली, केतकी.
भटजींनी तांदळाचं ताट पुढे सरकवलं,
तिनं अंगठीनं लिहिलं, केतकी मौंदेकर.
आडनावासकट.
मांडवात टाळ्या पडल्या,
माझा मुलगाही हसला.
फोटो आहे.

मार्चपासून तिचा पगार
त्याच्यापेक्षा अकरा हजारांनी जास्त झाला.

आणि हा मे. सेहेचाळीस डिग्री.
कूलर धापा टाकून राहिला
आणि ही पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून
पोळ्या लाटतेय.
काय झालं गं, मी विचारलं.
आतल्या खोलीतून उत्तर आलं,
"बाथरूममध्ये घसरली ती, आई."

मला ऐकू आलं, स्टोव्ह.

तो ऑफिसला गेल्यावर मी तिची बाही वर केली.
चार बोटं आणि एक अंगठा, निळे.
जळलेलं अंग हातानं मोजून
टक्के काढायला शिकले होते मी.
याचे कसे काढतात?
चल, म्हणाले.
कुठं, म्हणाली.
आधी मेडिकलला. गाडी झेपेल ना तुला?

ठाण्यातली हवालदारीण तिशीचीच असेल.
"काहून काकू, घरातलं घरात नाही मिटत?
पोरगाच आहे नं तुमचा."
मी म्हणाले, कागद द्या.

अक्षर अजून चांगलं आहे.
रकान्यात आधी त्याचं नाव लिहिलं,
बारशाला मीच निवडलेलं.
मग त्याच्या वडिलांचं.
आडनावाशी पेन अडला.
निनावे.
रोज सही करताना लिहिते,
तरी तिथंच अडला.

मान वर केली तेव्हा
केतकी पंख्याखाली उभी होती,
आणि बाही पुन्हा
मनगटापर्यंत ओढत होती.