आठांपैकी किती

जनकगंजातल्या गच्चीवर यादवराव इंगळे
अजूनही मान वर करून आकाशाचे आठ भाग करतात.
वेधशाळेत एकतीस वर्षं केले, पगार घेऊन.
आता फुकट.

मी गेले होते एका रेषेपायी.
माझ्या पडद्यावर ग्वाल्हेरचे ढग
वर्षागणिक वाढत होते,
हलकेच, जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखे,
आणि मग एका महिन्यात धपकन खाली:
नवा उपग्रह.

जुना दुपारी दीडला यायचा, असं कागदावर.
घसरत गेला. पावणेदोन. सव्वादोन.
शेवटच्या वर्षी चारला पोचायचा,
आणि श्रावणात चार वाजता
किल्ल्यामागे कापूस पिंजलेला असतोच.
ढग वाढले नव्हते.
बघणाऱ्याला उशीर होत होता.

"म्हणजे तुमच्या वह्या खऱ्या," मी म्हटलं
आणि गजकाचा पुडा सोडला.
निळी शाई, अडीचच्या रकान्यात
तीन, पाच, सात,
धुक्यात आभाळच हरवलं तर नऊ.
शेवटच्या दोन वर्षांत मात्र
एकही शून्य नाही. ऐन मे महिन्यातसुद्धा
'उंचावर पातळ ढग': एक, दोन, दोन.
वरचा म्हणतो, निरभ्र.
पण पातळ ढग त्याला पुष्कळदा दिसतच नाहीत;
मी कुणाचं ऐकू?

यादवराव बराच वेळ गजक चघळत राहिले.
"मोतीबिंदू," म्हणाले.
"निवृत्तीला दोन वर्षं होती. साहेबाला सांगितलं नाही.
हिलाही नाही."

आतून भांडं आपटलं.
"तांदूळ निवडायचे सोडलेत, तेव्हाच कळलं होतं मला."

उपग्रहाच्या घसरणीला सूत्र आहे,
इतकी मिनिटं, इतके टक्के, वजा.
यादवरावांतून काय वजा करू?
त्या रात्री टीप लिहिली, चौदावी:
'चोवीस महिने, निरीक्षकाची दृष्टी अधू. जपून वापरावे.'
नाव घातलं नाही.
रेष जवळजवळ आडवी झाली,
आणि तिच्या दोन्ही अंगांना शंकेचा करडा पट्टा
एवढा रुंद, की खरीखुरी वाढ
त्यात आरामात झोपून राहील.

वह्या परत द्यायला गेले तर ते गच्चीतच.
"सांग, आत्ता किती?"
मी वर पाहिलं. "तीन."
"चार," ते म्हणाले, नव्या भिंगांचे दोन्ही डोळे बारीक करून.
मग माझ्या मनगटाकडे बोट:
"आधी घड्याळ बघ.
अडीच झालेत का?"