पकडीचा नियम

वडगावात, पॉवरलूमच्या शेडवरच्या खोलीत,
रविवारी माग बंद असतात म्हणून रविवारीच.
चटईवर पुठ्ठ्याचा किल्ला, वीस बाजूंचा फासा,
चहाचे पेले,
आणि इराण्णाचा वीर, ज्यानं घटप्रभेतल्या राक्षसाची
मान बगलेत धरलीय.

नियमाचं पान मी वाचून दाखवलं:
पकड बसली की दर फेरीला
चार बाजूंचा फासा टाका, पडेल तेवढा जीव कमी.
"तीन," इराण्णा म्हणाला. "परत तीन. मरंना की हे."

शेडची किल्ली न्यायला आलेला भरमाण्णा
दारातच थांबला होता.
दोन्ही कान चुरगळून वाळलेले.
"काय करालास रे?"
सांगितलं. फाशाकडे बघत राहिला.
"मान धरल्यावर जीव कशाला कमी होतोय?
ते तलवारीचं काम. तू ये इकडं."

इराण्णाच्या मानेवर नुसता पंजा ठेवला.
ओढलं नाही, दाबलं नाही,
अंगाचं वजन तेवढं तिकडं जाऊ दिलं,
जसं पोतं भिंतीला टेकतं.
इराण्णा हसत होता. मग हसायचा थांबला.
मग गुडघे चटईला, बुरूज चपटा.
"कुठं लागलं?"
"कुठंच नाही."
"मग ऊठ की."

मी पान खोडलं.
जीवाखाली नवा रकाना आखला: दम.
दर फेरीला दोघांचा एकेक जाणार.
"धरणाऱ्याचापण?"
"त्याचा आधी."
दोघांनाही तलवार उपसता येणार नाही.
तिसऱ्यानं वार केला तर
कुणाला बसला ते फाशानं ठरवायचं.

आणि सुटायचं कसं?

तो उंबऱ्यावर टेकला.
सांबऱ्याचं मैदान, गोकाकचा फकीराप्पा, पाऊण तास.
"त्यो कन्नडात शिव्या देतोय, मी मराठीत,
नंतर दोघंबी नुसतं हुं, हुं.
पंचांनी बरोबरीत सोडवली.
घरी आलो तर ही मूठ उघडंना.
बायकोनं भाकरी मोडून घातली, दोन दिवस."
उजवा हात त्यानं गुडघ्यावर पालथा ठेवला,
अजून पुरता सरळ नव्हता.

शेवटची ओळ मी समासात लिहिली, जागा उरली नव्हती:
पकड सोडल्यावर एक फेरी
धरणाऱ्याची मूठ मिटलेलीच राहील,
फासा डाव्या हातानं.

इराण्णानं राक्षस सोडला,
डाव्यानं टाकला,
फासा सरळ माझ्या चहात.

"हे धरायचं काय?" त्यानं विचारलं.
भरमाण्णा वाकून पेल्यात बघत होता.