हातचं राखून

ती सोमवारी आली, पहाटेच्या बसनं.
काखेत थर्मास, खांद्याला यंत्राची पेटी.
नेलिदा एचेगाराय. चाळिशीची असेल.
बाहेर पाम्पेरो सुटला होता,
रिओ निग्रोचं पाणी उलटं चालल्यासारखं दिसत होतं,
आणि लोकर धुण्याच्या हौदांतून
वाफेऐवजी नुसताच मेंढ्यांचा वास येत होता.

तिनं आल्या आल्या काही विचारलं नाही.
काचेच्या भोकातून ज्योत पाहिली:
पिवळी, लोळणारी,
जेवून सुस्तावल्यासारखी मागच्या भिंतीला रेललेली.
धुराड्यात नळी खुपसली.
कार्बन मोनॉक्साइडचा आकडा चढत गेला,
चारशे, सातशे, नऊशे दहा.
"रात्रपाळीला कोण असतं?"
मी.
"डोकं दुखतं?"
म्हटलं, वय झालं बाई.
ती हसली नाही. बर्नर बंद केला,
दोन्ही दारं सताड उघडायला लावली.

मग पॅनेल उघडलं.
आत, हवेच्या दाबाच्या स्विचवर,
दोन स्क्रूंना जोडणारी बोटभर लाल तार.
कुणी लावली, असं तिनं विचारलं नाही.
काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली,
दुकानदार सुटे पैसे परत करतो तशी.

मीच लावली होती. एप्रिलात.
बर्नर तासातासाला बंद पडायचा,
हौद गार व्हायचे, साहेबांचा फोन वाजायचा.
तारेनं सगळं गप्प झालं.
मला वाटलं, दुरुस्त झालं.

पंख्याच्या तोंडाशी जाळी होती.
जाळी कसली, गोधडीच.
तेलकट लोकरीचा थर ती ओढत राहिली, ओढत राहिली,
जमिनीवर ठेवला तेव्हा
नुकतं जन्मलेलं कोकरू बसल्यासारखं दिसलं.
आम्ही दोघंही थोडा वेळ त्याच्याकडे बघत उभे.

"आता भट्टी झाडून घ्यायची. नुसत्या हवेनं."
नव्वद सेकंद.
फोन वाजला. तिनं उचलू दिला नाही.
इतके लांब नव्वद सेकंद
मी फक्त प्रसूतिगृहाच्या बाकावर मोजलेत.
मग ठिणगी. मग लहान आग.

"चढताना आधी हवा, मागून गॅस.
उतरताना आधी गॅस, मागून हवा.
हवा घरातून पहिली निघते, शेवटची परतते."
स्क्रूला पाव फेरा. थांब. वाच.
पुन्हा पाव फेरा. थांब.
मी उतावळा, तिचा पाना मात्र सावकाश.
"कमी तिथं काजळी, अति तिथं माती.
जास्तीची हवा तापवून आभाळाला कशाला दान करायची?"
ज्योत आखूड झाली, निळी झाली,
पाठीचा कणा मिळाल्यासारखी ताठ उभी राहिली.
नऊशे दहाचे झाले बावीस.

ऑक्सिजन चार टक्क्यांवर ती थांबली.
मी म्हटलं, दोनवर आण, गॅस वाचेल,
साहेबांना आवडेल.
"जुलैतली हवा दाट असते, ओलेगारियो.
जानेवारीत हीच हवा पातळ होईल,
पंखा मात्र तेवढाच फिरेल.
हातचं राखून ठेवावं."

शेवटी तिनं ज्योत बघणारा डोळा उपसला
आणि त्यावर तळहात धरला.
बर्नर क्षणात गतप्राण. माझ्या पोटात गोळा.
ती तेव्हा पहिल्यांदा हसली.
"बंद पडतो. म्हणजे ठीक आहे."
पुन्हा पेटवला, पंख्याच्या तोंडावर पुठ्ठा धरला.
पुन्हा बंद.
"छान," म्हणाली, आणि मातेचा घोट घेतला.

आकडे पेन्सिलनं कार्डावर लिहिले,
जानेवारीचा रकाना कोरा ठेवला.
बसला अजून वेळ होता, तरी निघाली.

तार माझ्याकडेच राहिली.
फेकायची म्हणून खिशात ठेवलेली.
ऑक्टोबरात, कातरणीच्या दिवसांत,
कारखान्यात लोकर बर्फासारखी उडत असताना
पहाटे तीनला बर्नर बंद पडला.
हात आपोआप खिशाकडे गेला.
फोन वाजायला लागला.
मी टॉर्च घेतला
आणि जाळीकडे निघालो.