दक्षिणेकडे तोंड केलेला अँटेना

दांडिया बाजारामागच्या आमच्या खडकीत
सगळ्या गच्च्यांवरचे अँटेने वायव्येला बघायचे,
अमदावादकडे,
पंगतीत बसल्यासारखे.
भाऊंना मुंबई हवी होती.
आठवड्याचं एक मराठी नाटक, आणि बातम्या,
ज्यांत वरसाद नाही, पाऊस पडेल.

भाऊ सिटी सर्व्हेत मोजणीदार.
नकाशावर पट्टी ठेवून म्हणाले, साडेतीनशेच्या वर.
मधे नर्मदा, तापी, आणि पृथ्वीचा बाक.
आई म्हणाली, तो बाक मोजलात का कधी?

रावपुऱ्यात रसिकभाईनं काउंटरवर
तीन बूस्टर मांडले.
भाऊंचा हात सगळ्यात मोठ्या आकड्याकडे.
रसिकभाईनं तो डबा हळूच मागे ओढला.
"साहेब, हा गोंगाटही तेवढाच मोठा करेल.
ओछो लो, पण चोख्खो लो.
आणि टीव्हीजवळ नका ठेवू.
वर, अगदी अँटेन्याच्या गळ्यापाशी.
वायरीत जे गळून गेलं
ते खाली वाढवायला उरतच नाही."
भाऊंनी हे दोनदा विचारून घेतलं,
विजेच्या बिलामागे लिहून घेतलं.
डबा मात्र उत्तरायण उलटल्यावर आणला,
मांजा काय शिल्लक ठेवील, सांगता येत नाही.

माघातल्या एका रविवारी पाइप उभा राहिला.
तीन बाजूंना ताण दिलेल्या तारा,
चौथ्या बाजूला सविताबेनची पापडांची खाट.
जोडावर भाऊंनी सायकलची ट्यूब कापून गुंडाळली,
वरून मेण ओतलं.
मला नवल एवढंच,
की एकाच वायरीतून वीज वर जाते
आणि चित्र खाली येतं
आणि वाटेत दोघांची टक्कर होत नाही.

पडद्यावर मुंग्या. अख्खा फाल्गुन मुंग्या.
कुमुदआत्या म्हणाली, छान,
आता निदान ठसठशीत दिसताहेत.

मग चैत्रातली एक रात्र,
हवा दाबून बसलेली, खंभातच्या आखाताकडून गरम.
भाऊ गच्चीवर पाइप फिरवताहेत,
बोटभर, अर्धं बोट.
आई टीव्हीसमोर.
मी मधल्या जिन्यात, दोघांनाही न दिसणारा,
आईचं "नाही" वर पोचवायला.
नाही.
नाही.
जरा मागे. नाही.
मुंग्या सरकल्या, आईनं नंतर सांगितलं,
आधी एक खांदा, मग साडीचा काठ.
जिन्यात आला तो फक्त आवाज,
कुणा बाईचा, धुतल्यासारखा:
पण तुम्ही कळवलं का नाही?
आई ओरडली, "आलं!"
आणि मी, छाती फुटेस्तोवर,
"आव्युं! भाऊ, आव्युं!"

वर काहीच नाही.
मग पत्र्यावर पाना ठेवल्याचा आवाज.
"काय?" भाऊंनी विचारलं.
त्यांना ऐकू आलं नव्हतं, की आलं होतं,
मला अजून ठरवता येत नाही.
"आव्युं," मी पुन्हा म्हणालो, हळू.

ते खाली आले, हात न धुता बसले.
मुंबई अकरा मिनिटं टिकली.
त्यातली चार जाहिरातींत गेली.
तीही त्यांनी पाहिली,
साबणाची, दंतमंजनाची,
पुढे सरकून,
एक शब्द न सांडता.