कर्मणी

बारावी कला, साखळी. तिसरा तास.
एर्मेलिंडा टीचर हळदोण्याहून
दोन बस बदलून येतात,
बॅगेत रुमालात गुंडाळलेला पाव,
बोटांना कायम खडू.

आज पॅसिव्ह व्हॉइस.
“करणारा ठाऊक नसेल,
किंवा सांगायची गरज नसेल,
तर ‘बाय’ गाळून टाका.”
आम्ही गाळतो. सोपं आहे.

द माइन वॉज क्लोज्ड.
द ट्रक वॉज सोल्ड.

पप्पा घरी असंच बोलतात, इंग्रजी न येता:
खाण बंद पडली. हप्ते थकले.
टिपर विकला गेला.
त्याचे दोन टायर अंगणात राहिलेत,
आई त्यात मिरच्या लावते.
पाणी घातलं की अजून तांबडं वाहतं.

सहामाहीच्या पेपरात
मी ‘बाय’ गाळला नाही.
द ट्रक वॉज सोल्ड बाय
आणि पुढे बोटभर जागा सोडली,
मग पूर्णविराम.

पेपर मिळाला.
अर्धा मार्क कापला गेला होता.
त्या रिकाम्या जागेत मात्र
लाल शाईचा एक ठिपका,
पेन टेकवून कुणी बराच वेळ
तसंच बसून राहिल्यासारखा
पसरलेला,
पानाच्या पाठीवरही उमटलेला.