अंगण खरंच वाकडं

शुक्रवारी खेळ आला.
बोट्सफ्योर्डच्या मासळी-कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत
आम्ही पाचजण एका टेबलाशी,
पाच वाडगे सूप, पाच फोन.
बाहेर दुपारचे बारा, म्हणजे निळा काळोख;
सूर्य नोव्हेंबरातच गेलेला,
परत यायची त्याची तारीख जानेवारीतली.

खेळ साधाच. एक बेट, एक गाय,
टोमॅटोचा वाफा, कोंबड्या,
किनाऱ्यावर मावळतीचा सूर्य.
जाहिरातीत गाय हसत होती.

आयलिफची गाय उलटी चालायला लागली.
शेपूट पुढे, तोंड मागे,
कुंपणातून आरपार, वाळूवरून थेट समुद्रात.
गळ्यातली घंटा तेवढी
पाण्याखालून बराच वेळ ऐकू येत राहिली.
आयलिफने सैतानाचं नाव घेतलं, तीनदा,
तिसऱ्यांदा त्याच्या आईसकट.
नाचता येईना, म्हणे अंगण वाकडं!
आम्ही त्याला हसलो.
रात्री घरी जाऊन मी माझा खेळ उघडला
तर माझं अंगण खरंच वाकडं:
डावा कोपरा वर उचललेला
आणि सगळ्या कोंबड्या
एकीमागून एक घरंगळत
कुंपणाशी साचलेल्या.

रासाचा फोन इतका तापला
की तिने तो हातमोज्यात सरकवला,
गोठलेल्या कॉडचे खोके उचलून बधिर झालेली बोटं
त्याच्यावर शेकली.
एकच तारा देणार होते, म्हणाली,
आता दोन देते.

तवमलरने नव्व्याण्णव क्रोनर मोजून घर घेतलं.
घर आलं, दार आलं नाही.
ती बाहेरून खिडकीत बघत राहिली:
आत दिवा लागलेला, टेबलावर पाव.
आम्ही म्हटलं, तक्रार कर, पैसे परत माग.
असं एक घर मला माहीत आहे, एवढंच म्हणाली
आणि सूप संपवलं.

तक्रार मी लिहिली. शब्दकोश घेऊन,
दीड तास, इंग्रजीत,
कोंबड्यांची नेमकी संख्या देऊन.
आठ सेकंदांत उत्तर:
प्रिय खेळाडू, तुमचा आनंद तोच आमचा आनंद.

टोरब्यॉर्ग तेवढी गप्प.
वसंतात निवृत्त होणार आहे ती,
चाळीस वर्षं माशांची डोकी छाटून.
तिचा सूर्य अडकला होता.
पाण्याच्या वीतभर वर, हलेना, बुडेना.
दिवस सरत नाही म्हणून टोमॅटो पिकत नाहीत,
गाय दूध देत नाही, पुढचा टप्पा उघडत नाही.
अगं, तुझे टोमॅटो असेच हिरवे राहणार!
मला कुठे खायचेत, ती म्हणाली.
फोन मिठाच्या बरणीला टेकवून
कॉफी घेऊन त्याच्यासमोर बसायची,
हनुवटीवर नारिंगी उजेड.
सोमवारपर्यंत आमच्या खुर्च्या
कोणी काही न बोलता
तिच्या बाजूला सरकल्या होत्या.

मंगळवारी दुरुस्ती आली.
सोबत भरपाई: पन्नास नाणी आणि एक गवती टोपी.
माझं अंगण सपाट झालं. कोंबड्या
अजूनही डावीकडून जरा जपूनच चालतात.
तवमलरच्या घराला दार आलं, लाल.
तिने ते उघडलं, मिटलं, उघडलं.
आत गेली नाही.

टोरब्यॉर्गचा सूर्य बुडाला.
अकरा मिनिटांत, नियमाप्रमाणे.
तिने फोन उचलून खिडकीशी नेला,
लोकरीचा रंग जुळवावा तशी
आतली रात्र बाहेरच्या रात्रीशेजारी धरून पाहिली.
ही तर इथे फुकट मिळते, म्हणाली,
आणि कप विसळायला गेली.

आयलिफच्या गाईचं मात्र राहूनच गेलं.
तो आता शिव्या देत नाही.
सुट्टी झाली की बेटाच्या टोकाशी जाऊन उभा राहतो,
भरपाईतली टोपी घालून,
फोन कानाशी.
काय रे, म्हटलं, वाजतेय?
बोट वर करून त्याने मला गप्प केलं.